चार ते आठ वयाची मुलं आणि वरळीचं विज्ञान केंद्र : समजावून सांगायचं की गप्प बसायचं?

पाटीपेन्सिल

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला (साडेपाच) आणि भाच्याला (आठ) घेऊन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन आले. माहिती द्यायला धागा काढतेय असं वाटेल, पण खरं तर मला भांडण सोडवून हवंय. माझं माझ्याशीच.

आदल्या रात्री मी कागदावर यादी केली होती. आधी प्रकाशाचं दालन, मग ध्वनी, मग डबा, मग घुमटातला सिनेमा, शेवटी बाग. मी स्वतः चौथीत असताना शाळेच्या सहलीत तिथे गेले होते आणि त्यातलं मला फक्त रेल्वेचं इंजिन आणि मैत्रिणीचे वेफर्स आठवतात. लेकीचं तसं होऊ नये म्हणून एवढी तयारी.

पहिल्या अर्ध्या तासात यादी खिशात गेली. आरशांपाशी भाचा ‘मी जाडा, मी बारका’ करत लोळत होता आणि मी अंतर्वक्र-बहिर्वक्र सांगत उभी. माझ्या मागे अजून तीन आया हेच सांगत होत्या. ऐकणारं एकही मूल नव्हतं. घुमटातल्या सिनेमात दिवे गेल्यावर लेकीने जो भोंगा लावला तो बाहेर येईपर्यंत थांबला नाही. (पाचच्या आतबाहेरच्या मुलांना तिथे नेताना विचार करा. पडदा डोक्यावरून येतो, आवाज मोठा आणि मिट्ट काळोख.)

मग बागेत आलो. तिथे समोरासमोर, बऱ्याच अंतरावर, दोन भल्यामोठ्या तबकड्या आहेत. एकीत तोंड घालून कुजबुजलं की दुसरीपाशी कान लावणाऱ्याला ऐकू येतं. लेक एकीपाशी, दुसरीपाशी कुणीतरी अनोळखी मुलगा. चाळीस मिनिटं! ती कुजबुजायची, धावत त्याच्याकडे जायची, परत यायची. मी दोनदा म्हटलं, ‘चल, अजून विमान राहिलंय’. दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाकावर जाऊन बसले. एवढा वेळ काय बोलत होती ते विचारलं तर म्हणाली, ‘ते आमचं आहे.’

ट्रेनमध्ये भाऊ फोनवर म्हणाला, ‘सहाशे गोष्टी सोडून पोरगी एका ताटलीपाशी बसली आणि तू बसू दिलंस?’ तर हाच प्रश्न. बसू द्यायचं का? आणि ती तबकडी कशी चालते हे तेव्हा सांगायला हवं होतं का?

खारी_बिस्किट

सहाशे आकडा भावाने ट्रेनमध्येच मोजला का? :)

आमचं पण सेम. लेकाने पूर्ण दिवस ट्रामच्या डब्यात कंडक्टर होऊन काढला. आजोबांना सात वेळा तिकीट फाडलं. विज्ञान शून्य, पण आजोबा खूश. त्यांनी म्हणे लहानपणी खऱ्या ट्राममधून प्रवास केलेला, मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली तोवर. त्यामुळे आजोबांनीच नातवाला कंडक्टर घंटी कशी मारायचा ते शिकवलं.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘नेहरू’ सांगू नका. तो तुम्हाला अ‍ॅनी बेझंट रोडवर नेहरू तारांगणापाशी सोडेल. ते वेगळं, विज्ञान केंद्र वेगळं, ई. मोझेस रोडवर. महालक्ष्मी स्टेशन बरं पडतं. आता मेट्रो ३ चं ‘सायन्स सेंटर’ स्टेशनच झालंय, त्यामुळे तो घोळ संपला म्हणायचा.

निवृत्त_मास्तर

पाटीपेन्सिल, तुमचा धागा वाचून हसू आलं आणि थोडा रागही. ३१ वर्षं नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलं. ‘गप्प बसा, मूल आपोआप शिकतं’ हे आजकाल फार ऐकू येतं. आपोआप फक्त दाढी वाढते.

ती तबकडी अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराची, खोलगट असते. तिच्यासमोर एक ठरावीक बिंदू असतो, नाभी. तिथे तोंड ठेवून बोललं की तबकडीवर आपटलेला आवाज विखरून न जाता सरळ समांतर समोर जातो. समोरची तबकडी तोच आवाज गोळा करून आपल्या नाभीपाशी आणून देते. डिश अँटेना असाच चालतो. आठ वर्षांच्या मुलाला एवढं नक्की कळतं. साडेपाचच्या मुलीला ‘ही ताटली आवाज सांडू देत नाही’ एवढं पुरे.

पाटीपेन्सिल

मास्तर, ‘आवाज सांडू देत नाही’ हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं असतं तर ना! मी ‘परावर्तन’ म्हणाले होते.

भिंगरी_७

मास्तरांशी अर्धी सहमत. आधी सांगितलंत की ती ताटली आवाज सांडू देत नाही, तर पोरगी ताटलीकडे बघेल. सांगितलं नाहीत तर ती बाजूला सरकून बोलेल, पाठमोरी बोलेल, ओरडेल, शिट्टी वाजवेल आणि कुठे ऐकू येतं, कुठे नाही हे स्वतः हुडकेल. चाळीस मिनिटं तेच चाललं असणार. नाभीचा बिंदू तिने नाकाने शोधला, तुम्ही व्याख्येने सांगितलात.

सांगायचं ते परतीच्या गाडीत. नाहीतर दोन दिवसांनी, विचारलं तर.

दर्यावर्दी

सॅन फ्रान्सिस्कोहून. इथलं एक्स्प्लोरेटोरियम हे या सगळ्या ‘हात लावा’ संग्रहालयांच्या घराण्यातलं फार मानाचं घर. १९६९ साली फ्रँक ओपेनहायमरने सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ, तोही भौतिकशास्त्रज्ञ. कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत १९४९ मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली, तर कोलोरॅडोत गुरं पाळली, मग तिथल्याच गावातल्या शाळेत शिकवलं. शाळेतल्या मुलांच्या हातात मोडकी यंत्रं देऊन शिकवणारा माणूस. पुढे संग्रहालय काढलं तेव्हा तिथली वर्कशॉपसुद्धा लोकांना दिसेल अशी ठेवली. मॉडेलं कशी बनवायची याच्या पाककृतींची पुस्तकंच छापली, ‘कुकबुक’ नावाने, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावीत. जगभरात उतरवली गेली.

२०१३ पासून ते समुद्रालगत पिअर १५ वर आहे. आम्ही सासूबाई आल्या होत्या तेव्हा गेलो. तिथे गाईचा डोळा कापून दाखवतात. हो, खरा. मी मनात म्हटलं, झालं, आता आईंचं काय होणार. लेक सहाची, ती माझ्या कुर्त्यामागे.

सासूबाई मालवणच्या. त्या पुढे सरकल्या. दाखवणाऱ्या मुलीने आतलं भिंग काढून छापील कागदावर ठेवलं, अक्षरं मोठी दिसायला लागली. सासूबाई लेकीला म्हणाल्या, ‘अगो, ह्यो तर मणी. बांगड्याच्या डोळ्यात नाय गावत? कालवणात पांढरो होता तो.’ लेक कुर्त्यामागून बाहेर. मग घरी परत आल्यावर मासा आणला, कच्च्या माशाच्या डोळ्यातला मणी पारदर्शक, शिजवलेल्याचा पांढरा आणि कडक. अंड्याचं पांढरं होतं तसंच, असं लेकच म्हणाली. मी आयटीवाली, मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

तर समजावायचं की नाही? ज्याच्याकडे सांगायला स्वतःचं काही आहे त्याने जरूर सांगावं. पाटी वाचून दाखवण्याला मी समजावणं म्हणत नाही.

निवृत्त_मास्तर

दर्यावर्दी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माशाचं भिंग आपल्यासारखं चपटं नसून गोटीसारखं गोल का, हेही सांगतो. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम पुढचा पारदर्शक पडदाच करतो, कारण बाहेर हवा आहे. पाण्याखाली तो पडदा जवळजवळ निकामी. मग सगळं काम भिंगाने करायचं, म्हणून ते गोल. पाण्यात डोळे उघडले की आपल्याला धूसर दिसतं ते यामुळेच.

दर्यावर्दी

सांगितला. म्हणाल्या, ‘मास्तर बामण असतले. मासो खावचो नाय, भिंग तेवढा बघूचा.’

निवृत्त_मास्तर

मास्तर देवगडचा आहे. सुरमई सोडत नाही.

कोपऱ्यातला_टेबल

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडा लिंबू पिळतो. एका शहरातल्या विज्ञान केंद्रात (नाव घेत नाही) मुलांना नेलं होतं. दर तिसऱ्या मॉडेलवर ‘दुरुस्तीसाठी बंद’. जी चालू होती तिथे मुलं बटण दाबायची, दिवा लागायचा, की पुढे पळायची. धबाधब धबाधब. दीड तासात अख्खं केंद्र ‘बघून’ झालं. ‘काय आवडलं?’ तर ‘बटणं’. तबकडीपाशी चाळीस मिनिटं बसणारी मुलगी भाग्याची, माझी दोन्ही बटणबहाद्दर.

पाना_पक्कड

बरीच वर्षं फक्त वाचत होतो, आज लिहितो. अशाच एका केंद्राच्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं काढली. कुठलं ते विचारू नका, आता निवृत्त आहे.

‘दुरुस्तीसाठी बंद’ ची पाटी लावताना आम्हालाही आनंद होत नाही. पण हिशेब करा. घरातला मिक्सर दिवसातून दोनदा चालतो आणि पाच वर्षांत बुश जातं. मॉडेलचं हँडल दिवसातून हजार वेळा फिरतं, त्यातली शंभर पोरं ते उलटं फिरवतात आणि दहा त्याला लोंबकळतात. लोंबकळणाऱ्यांचे फोटो त्यांचे बाप काढत असतात. सहलीच्या मोसमात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी आम्ही स्प्रिंगा आणि बटणंच बदलत असायचो.

आता बटणाचं सांगतो, कारण कोपऱ्यातला_टेबल यांनी दुखरी नस दाबली. बटणाच्या मॉडेलमध्ये मुलाला एकच काम असतं, दाबणं. जोरात दाबलं काय, हळू दाबलं काय, घडतं तेच. मग दुसऱ्यांदा दाबायचं कशाला? आणि मोटर सुरू व्हायला दोन सेकंद लागले तर मुलाला वाटतं बिघडलंय, ते दहादा दाबतं, मग बुक्की मारतं, मग खरंच बिघडतं. हँडलचं तसं नसतं. हळू फिरवलं तर दिवा मिणमिणतो, जोरात फिरवलं तर झगझगतो. शिवाय दिवा जोडलेला असला की हँडल जड लागतं, तोडला की हलकं. वीज करायला कष्ट पडतात हे हाताला कळतं. ते पाटीवर लिहून कळत नाही.

माझा सल्ला एवढाच : लहान मुलांना घेऊन शिरलात की बटणाच्या दालनातून झपाझप चाला आणि हँडल, दोरी, पाणी, वाळू, झोका, चाक दिसेल तिथे टेकायला जागा बघा. बागेत हे जास्त सापडतं. वरळीची बाग १९७९ मधली, आंतरराष्ट्रीय बालवर्षातली. मुख्य इमारत त्यानंतर, १९८५ ला खुली झाली. म्हणजे तिथे आधी बाग आली, भिंती मागाहून. आमच्या धंद्यात हे कौतुकाने सांगतात.

भिंगरी_७

पाना_पक्कड काका, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा. आणि ती इमारत वास्तुरचनाकार अच्युत कानविंद्यांची. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे. दर्यावर्दींच्या सासूबाईंना सांगा, गाववाले निघाले.

खारी_बिस्किट

काका, केस उभे राहणारा तो चकचकीत गोळा असतो ना, त्याचं सांगा. एका ठिकाणी (शहर सांगत नाही) आम्ही जुलैमध्ये गेलो, माझ्या मुलाचे केस ढिम्म. ‘बिघडलाय’ म्हणून रुसून बसला.

पाना_पक्कड

तो व्हॅन डी ग्राफ जनित्र. बिघडलेला नसणार. पावसाळ्यात दमट हवेमुळे प्रभार गोळ्यावर साठतच नाही, गळून जातो. आम्ही पावसाळ्यात हेअर ड्रायर लावून गोळा आणि आतला पट्टा सुकवायचो, शंभर पाहुणे आले की त्यांच्या ओल्या छत्र्यांनी परत तेच. डिसेंबर-जानेवारीत जा. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात गेलात तर तिथला कोरडा उन्हाळाही चालेल, फक्त बाहेरच्या उन्हाचं तुम्ही बघा.

केस ‘वीज बाहेर जाते’ म्हणून उभे राहत नाहीत. प्रत्येक केसावर सारखाच प्रभार जातो आणि सारखे एकमेकांना ढकलतात. जितकं लांब जाता येईल तितकं जातात. चापूनचोपून तेल लावलेल्या वेणीवर प्रयोग फसतो, हेही सांगून ठेवतो.

कोपऱ्यातला_टेबल

हे वाचून खारी_बिस्किट यांच्या लेकाचा रुसवा थोडा कमी होईल. माझाही.

सदाशिव_नसलेली

पुण्याचं कोणी बोलेना म्हणून. आयुकात (पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत) ‘पुलस्त्य’ नावाची वास्तू आहे, मुलांचं विज्ञान केंद्र. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभं राहिलं. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला तारा आणि नावात पुलंही आले. तिथे अरविंद गुप्तांनी कित्येक वर्षं कचऱ्यातून खेळणी करायला शिकवली. ती कशी करायची ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मराठीतूनही. जाण्याआधी चौकशी करून जा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुकाची दारं सगळ्यांना उघडी असतात, पण त्या दिवशीची गर्दी म्हणजे गणपतीतली लक्ष्मी रोडची. त्याच सुमारास खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणींपाशीही प्रदर्शन असतं, तिथे शेजारच्या गावातल्या शाळा स्वतः मॉडेलं मांडतात. मला ते जास्त आवडतं. सातवीतला मुलगा धोतरवाल्या आजोबांना पाणबुडी समजावत असतो आणि आजोबा त्याला पंपाचे प्रश्न विचारून फेफे उडवतात.

चिंचवडलाही सायन्स पार्क आहे, २०१३ पासून. पिंपरी-चिंचवडवाल्यांनी एवढ्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

एक घरगुती. शीतपेयाची प्लॅस्टिकची नळी घ्या, एक टोक दाताने दाबून चपटं करा, कात्रीने त्याला निमुळती चोच काढा. चोच ओठांत आत धरून जोरात फुंका. बदकासारखा आवाज येतो. आता फुंकता फुंकता कोणीतरी दुसरं टोक कात्रीने कापत न्या. आवाज बारीक बारीक होत जातो. माझ्या चार वर्षांच्या पुतणीने पंधरा नळ्या संपवल्या. (कात्री मोठ्यांच्याच हातात. नाकाची काळजी घ्या. आणि कागदी नळ्या नकोत, थुंकीने लगदा होतो.)

रात्रपाळी

मला दुसरीच शंका. माझं मूल तीन वर्षांचं. नेऊ का?

भिंगरी_७

न्या, पण तिकीट विज्ञानाचं काढलंय हे विसरून जा. तीन वर्षांच्या मुलाला जिना, उतार, कबुतर आणि नळ एवढंच बघायचं असतं. निम्मी मॉडेलं त्याच्या डोक्याच्या वर असतात, दिवसभर कडेवर घेऊन तुमची कंबर जाईल. पाठीवर बांधायची झोळी असेल तर न्या. दुपारी झोपेच्या वेळेआधी बाहेर पडा. सहलींच्या मोसमात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जाऊ नका, शाळांच्या बसच्या बस रिकाम्या होत असतात आणि छोटं मूल पायाखाली येतं. जास्तीचे कपडे लागतातच.

रात्रपाळी

धन्यवाद. कबुतरं घराच्या खिडकीत फुकट आहेत, दोन वर्षं थांबते.

निवृत्त_मास्तर

दोन दिवस विचार केला. पाना_पक्कड यांनी लिहिलं त्यावर.

शाळेत माझ्याकडे दोन शंकू बुडाशी चिकटवलेलं एक लाकडी मॉडेल होतं. उतरत्या दोन पट्ट्यांवर ठेवलं की आपण होऊन चढाकडे घरंगळत जातं. असं दिसतं, खरं तर पट्ट्या वरच्या बाजूला फाकत जातात, त्यामुळे शंकूंची मधली जाड कंबर त्यांच्यात खाली खाली बसत जाते. चढताना दिसतं ते मुळात उतरत असतं. दरवर्षी मी ते एकदा सोडून दाखवायचो, लगेच गुरुत्वमध्य सांगायचो आणि कपाटात ठेवून द्यायचो. ३१ वर्षं. एकाही मुलाच्या हातात दिलं नाही, फुटेल म्हणून.

ते लाकडाचं होतं. काय फुटणार होतं?

पुढच्या महिन्यात नातू येतोय, सात वर्षांचा. सुताराकडे टाकलंय करायला. कोणाला मापं हवी असतील तर सांगा.

पाना_पक्कड

मास्तर, पट्ट्या उघडमीट करता येतील अशा बिजागरीवर बसवून घ्या. किती फाकवल्या की वर जातं आणि किती जवळ आणल्या की खाली येतं हे पोराला बदलून बघू द्या. घट्ट ठोकलंत तर ते पुन्हा बटणच झालं.

निवृत्त_मास्तर

बिजागरी. मान्य. सुताराला फोन केला, त्याने दीडशे रुपये वाढवले.

दर्यावर्दी

मापं मलाही हवीत. आणि पाटीपेन्सिल, धागा काढून कुठे गायब?

पाटीपेन्सिल

इथेच आहे, वाचत होते. घरात दोन उघड्या छत्र्या समोरासमोर टांगून तबकड्या करायचा प्रयत्न चाललाय. अजून तरी फक्त शेजारच्या काकूंना अपशकुन झालाय.

भावाला धागा पाठवला. तो म्हणतो, ठीक आहे, पुढच्या वेळी तूच बाकावर बस. भाच्याने मात्र ‘आपण हँडलवालीच बघायची’ असं परवा आपणहून जाहीर केलं, त्याला बहुतेक कोणीतरी वाचून दाखवलं.

खारी_बिस्किट

ते सगळं राहू दे. चाळीस मिनिटं ती काय बोलत होती ते कळलं का?

पाटीपेन्सिल

काल रात्री झोपताना सांगितलं. तिने पहिल्यांदा विचारलं होतं, ‘तुला ऐकू येतंय का?’ पलीकडून उत्तर आलं, ‘हो. तुझ्याकडे चिवडा आहे का?’

म्हणजे माझ्या पिशवीतला डबा रिकामा निघाला त्याचं कोडंही सुटलं.